चिखलातून आल्यावर स्टार्टर ‘टक्’ करतोय?

पावसाळ्यात बामणोली-तापोळ्याकडे जीप चिखलात घातली की दुसऱ्या सकाळी दोन तक्रारी ठरलेल्या: स्टार्टर नुसता टक् करतो, नाहीतर क्लच दाबूनही गिअर पडत नाही.

लगेच स्टार्टर खोलायला देऊ नका. आधी बॅटरीची टर्मिनल्स आणि चॅसीला जाणारी अर्थिंगची वायर सोडवून पॉलिश पेपरने घासा. सोडवताना निगेटिव्ह आधी. अर्धी दुखणी इथेच जातात. मग सेल मारताना बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १२ व्होल्टच्या गाडीत आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरी उतरलीय किंवा स्टार्टरची मोटर जाम आहे. आकडा साडेबाराहून हलतच नसेल, तर करंट मोटरपर्यंत पोचत नाहीये. सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) किंवा कार्बन ब्रश (मोटरच्या आत करंट देणारे कोळशाचे तुकडे) बघा. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मोटर जळते.

क्लचला कराडकडची काळी माती जास्त छळते. वाळली की दगडच. क्लच फोर्कचं (क्लच दाबणाऱ्या दांड्याचं) रबर फाटलं असेल तर ती थेट बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात जाते. खाली निचऱ्याचं भोक असेल तर तारेने मोकळं करा, साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशर नको, त्याने चिखल आणखी आत जातो. आणि क्लचमध्ये स्प्रे-तेल मारायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, क्लच प्लेट पकड सोडून कायमची घसरेल.

प्लेट घसरते का ते बघायला मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट ठीक.