हिडकलचं पाणी उपग्रहाच्या प्रतिमेत मोजायच्या आधी

गेल्या वेळी बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या मे २०२१ आणि मे २०२२ च्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या आणि हुक्केरीकडच्या काकांना फोन करून सांगितलं, यंदा पाणी निम्म्यावर आलंय. त्यांनी आडसाली ऊस कमी लावायचं मनात घेतलं. पाणी होतं. आकडे माझे चुकले होते.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेलच. डाउनलोड केलेल्या प्रतिमेची झिप थेट संगणकाच्या सी किंवा डी ड्राइव्हवर, आखूड नावाच्या फोल्डरात सोडवा. विंडोजला आतली लांबलचक नावं झेपत नाहीत, फायली गळतात. तारीख नोव्हेंबर ते मे मधली घ्या. पावसाळ्यात ढगच दिसतात, खानापूरकडे तर विचारूच नका.

आता थांबा आणि फाइलचं नाव वाचा. त्यात ‘एन’पुढे (N) चार आकडे असतात, प्रतिमेवर कोणत्या आवृत्तीची प्रक्रिया झाली ते सांगणारे. ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर प्रत्येक पिक्सेलमधून १००० वजा करायचेत. युरोपियन अंतराळ संस्था २५ जानेवारी २०२२ पासून हे १००० मिळवून देते, कारण गडद जागांच्या किमती दुरुस्तीनंतर शून्याखाली जातात आणि आधी त्या कापल्या जायच्या. तारखेवर विसंबू नका. जुन्या प्रतिमा नव्याने प्रक्रिया करूनही ठेवल्यात. ‘एन’ बघा. दोन्ही फायलींचा बघा.

नुसतं चित्र बघताना काहीच खटकत नाही, घोळ गणितात होतो. प्रतिमेत प्रकाशाच्या प्रत्येक रंगाची वेगळी फाइल असते, तिला पट्टा म्हणतात. पाणी ओळखायचा निर्देशांक म्हणजे हिरवा आणि जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड) या दोन पट्ट्यांचा फरक भागिले त्यांची बेरीज. उथळ, गढूळ पाण्याचा हिरवा पट्टा ८००, जवळचा अवरक्त ५०० धरा. फरक ३००, बेरीज १३००, निर्देशांक ०.२३. दोन्हींत हजार तसेच राहिले तर फरक तोच, बेरीज मात्र ३३००, निर्देशांक ०.०९. मी ०.१ च्या वरचं तेवढं पाणी धरलं होतं. खोल पाणी राहिलं, काठचं सगळं गेलं. आधी वजा करा, मग भागा.

पट्टे दहा मीटरच्या फोल्डरातलेच: हिरवा ३, अवरक्त ८. टीसीआय ही तयार रंगीत चित्राची फाइल बघण्यापुरती, तिच्यावर गणित नको. प्रतिमा काळी दिसली तर क्यूजीआयएसच्या दिसण्याच्या सेटिंगमध्ये २ ते ९८ टक्के कट लावा. पुन्हा डाउनलोड करू नका, फाइल बिघडलेली नसते. शून्य म्हणजे माहितीच नाही, ते वगळा. एक पिक्सेल १०० चौरस मीटर. कुणाला आकडा सांगायच्या आधी दोन्हींचा ‘एन’ परत वाचा.