सव्हानाच्या एका चौकात बसून

नॉनफिक्शन, म्हणजे खऱ्या गोष्टींवरचं लेखन, शिकण्यासाठी मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सव्हानाला आले. पहिल्याच आठवड्यात शहराचं वर्णन लिहायला सांगितलं. मी लिहिलं, ‘सुंदर, जुनं, गूढ शहर. झाडांवरून शेवाळ लोंबतंय.’ सरांनी वाचून विचारलं, "हे दुसऱ्या कुठल्या गावाला चालणार नाही?" चाललं असतं.

मग मी रोज मॉन्टेरी चौकातल्या एकाच बाकावर तासभर बसायला लागले. इथले चौक म्हणजे रस्त्यांमधल्या छोट्या बागा. नव्याने लिहिणाऱ्यांना मी हेच सांगेन: जागा एकच धरा, वेळा बदला. दुपारी हवा इतकी दमट की वहीची पानं मऊ पडायची, पेन उठेना. कधी वारा फिरला की कागद गिरणीचा उग्र वास यायचा. माहितीपत्रकात तो नसतो. म्हणूनच तुमच्या वहीत हवा.

एकदा ओकच्या फांदीवरून गळलेली त्या ‘शेवाळा’ची एक जटा हातात घेतली. राखाडी, बारीक खवल्यांची, कोरडी. पावसानंतर तीच हिरवट दिसायची. शोध घेतला तर ‘स्पॅनिश मॉस’ हे नुसतं नाव. ती ना स्पेनची, ना शेवाळ. अननसाच्या कुळातली वनस्पती, ओलावा हवेतूनच घेणारी. पूर्वी वाळवून गाद्यांत भरायचे. माझं वर्णन नुसतं मिळमिळीत नव्हतं, चुकीचं होतं.

‘जुनं’ या शब्दाचंही तसंच. 1733मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्पने चौकांचं शहर आखलं. पुढे चौक 24 झाले, आज 22 आहेत. 1954मध्ये पार्किंगसाठी एलिस चौकातला जुना बाजार पाडला. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस हे जुनं घर वाचवायला सात बायका एकत्र आल्या. शहर जुनं दिसतं, कारण कुणीतरी ते पाडू दिलं नाही.

माझ्या मॉन्टेरी चौकातल्याच मर्सर हाउसमध्ये 1981 साली झालेल्या हत्येवर जॉन बेरेंट यांचं ‘मिडनाइट इन द गार्डन ऑफ गुड अँड ईव्हिल’ (1994) हे पुस्तक आहे. शहर माणसांच्या बोलण्यातून कसं उभं करावं, हे त्यात बघा. मात्र काही नावं आणि घटनांचा क्रम बदलल्याचं त्यांनी स्वतः नमूद केलंय. क्रम बदलणं मला पटत नाही. नवख्याने तरी त्या वाटेला जाऊ नये.

तिसऱ्या खर्ड्यात मी ‘गूढ’ खोडलं आणि तिथे लिहिलं: ‘पाऊस थांबला, जटा हिरवट झाल्या, बाकावर पाणी ठिबकत राहिलं.’