होडीत कार्पेटखाली फोम बसवताना

बाबांनी अडुसष्टी ओलांडली तरी समुद्र सोडलेला नाही. गळाच्या मासेमारीत बसून काम होत नाही. खडकावर होडी नांगरली की बोटात दोरी धरून चार-चार तास उभं राहायचं, लाटेबरोबर गुडघे सावरत. गोबरा किंवा तांबोशी लागली तर ठीक, नाही लागली तरी पाय तेवढेच भरून येतात. मागच्या थंडीत वरळीच्या क्लीव्हलँड बंदरावर उतरताना त्यांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "उभा रवाला जमत नाय रे." त्या मे महिन्यात आमच्या २२ फुटी फायबरच्या होडीचं कार्पेट उचकटून खाली नीट फोम घातला. वरळी कोळीवाड्यात दोघातिघांनी विचारलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी फोमबद्दल, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. मीही एकदा फसलोय. त्याच्या आधी दोन वर्षं एका सोफ्याच्या दुकानातून पिवळा फोम आणून घातला होता. दुकानदार म्हणाला, भिजला तरी वाळतो. महिन्याभरात पाय ठेवला की कार्पेटमधून काळं पाणी वर यायचं. डिसेंबरात उचकटून बघितलं तर खालचं प्लायवूड अंगठ्याने दाबलं की आत जात होतं. तीन फुटांचा तुकडा कापून नवा बसवावा लागला. सोफ्याच्या फोममधली भोकं एकमेकांत उघडतात, त्यामुळे तो स्पंजासारखं पाणी पितो आणि कार्पेटखाली त्याला वारा लागतच नाही.

होडीला लागतो तो बंद बुडबुड्यांचा फोम, म्हणजे ईव्हीए. चपलेच्या तळव्यात असतो तोच. चपला बनवणाऱ्यांना माल देणाऱ्या दुकानांत त्याच्या शीट मिळतात. मी ठक्कर बाप्पा कॉलनीतून आणल्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. तळहाताएवढा तुकडा मागून घ्या, बादलीत खाऱ्या पाण्यात दगडाखाली दाबून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी पुसा आणि वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून टाचेने जोरात दाबा. कागद कोरडा राहिला तरच शीट घ्या.

जाडी १० मिलिमीटर पुरे. जास्त मऊ, जास्त जाड घेतला तर सुख वाटेल असं वाटतं, पण हलत्या होडीत मऊ जमिनीवर घोटा सतत तोल सावरत राहतो आणि पाय उलट लवकर थकतात. अंगठ्याने दाबल्यावर थोडा दबून लगेच वर येणारा कडकसर फोम घ्या. शीट आणली की एक दिवस उन्हात सपाट पसरून ठेवा. ईव्हीए उष्णतेने आकसतो. जे आकसायचं ते कापायच्या आधी आकसू दे.

काम मे महिन्यातच उरका. १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागते, होडी वर असतेच, पण पाऊस सुरू झाला की दमट हवेत चिकटवायचं सोल्युशन धरत नाही. जुनं कार्पेट काढून उरलेला चिकटा खरवडा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि गोड्या पाण्याने दोनदा धुवा. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं. दोन दिवस वाळवल्यावर फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

फोम सगळीकडे घालू नका. मशीनजवळ (इंजिनाजवळ) आणि पेट्रोलच्या टाकीजवळ फोम नको, कार्पेटही नको. सांडलेलं पेट्रोल सोल्युशन विरघळवतं आणि आगीची भीती वेगळीच. जाळं ओढायच्या जागी उघडं फायबरच बरं. खणांच्या झाकणांवर फक्त कार्पेट लावा, नाहीतर झाकण बसणार नाही. बसायच्या खुर्चीच्या पायाखालून फोम कापून घ्या, दबला की बोल्ट सैल होतात. आणि काठाची उंची मोजा: फोम आणि कार्पेट मिळून जमीन दीड सेंटिमीटर वर येते, म्हणजे काठ तेवढाच खाली जातो. काठ आधीच गुडघ्याएवढा असेल तर काठालगत फोम घालू नका, माणूस तोल जाऊन पाण्यात जाईल.

आता कडा. माझं सगळ्यात जास्त लक्ष इथेच गेलं. फोमची कड सरळ उभी ठेवली तर अंगठा अडकतो आणि पाणीही तिथूनच शिरतं. कटर तिरका धरून कड उतरती कापा आणि कार्पेट फोमच्या पुढे चारी बाजूंनी दोन इंच ठेवून थेट फायबरवर चिकटवा. पाणी जायच्या भोकांच्या बाजूला मात्र एक इंच पट्टी मोकळी सोडा, तिच्यावर फोम नाही, कार्पेट नाही.

चिकटवायला फेविकॉलच्या एसआर ९९८ सारखं रबरी सोल्युशन घ्या. लाकडाचा पांढरा फेविकॉल इथे चालत नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग एका टोकापासून टेकवत जा. एकदा टेकलं की सरकत नाही. मी घरातलं लाटणं घेऊन मधून कडेकडे दाबत गेलो, हवा अडकली नाही. वास डोक्यात जातो, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून काम करा आणि जवळ कुणाला विडी ओढू देऊ नका. फोमचा जोड आणि कार्पेटचा जोड एकाच रेषेत येऊ देऊ नका.

बाबांच्या उभं राहायच्या जागी मी वेगळं केलं. ६ मिलिमीटर मरीन प्लायचा तीन फुटी तक्ता घेतला, त्याच्या सगळ्या कडांना रेझीन लावलं, वर फोम-कार्पेट चिकटवलं आणि खाली चार रबरी बुश, म्हणजे रबराचे बुटके पाय, ठोकले. पाणी खालून वाहून जातं आणि बंदरावर आलो की तक्ता उचलून काठावर उन्हात उभा करतो. होडी रोज पाण्यात असेल तर असा तक्ताच करा. तो पुढे कधीही बदलता येतो.

गळ कार्पेटमध्ये रुतला तर ओढू नका. पक्कडीने टोक वर काढून त्याच्याजवळचा उलटा काटा तोडा, मग उरलेला गळ मागे सरकवा. ओढलात तर काट्याबरोबर फोमचा तुकडा निघतो, आणि त्या भोकातून पाणी आत जातं.