कॉमिक वाचायचं कसं, पोरांबरोबर वाचायचं कसं आणि दुसऱ्याला सुचवायचं कसं

पोराला हौसेनं कॉमिक घेऊन द्यायचं आणि रिक्षा घरी पोचायच्या आत त्यानं ते संपवून टाकायचं, हे पुण्यातल्या बऱ्याच घरांत होतं, आणि मग आईबाबा ठरवतात की यात काही दम नाही, यापेक्षा जाडजूड गोष्टीचं पुस्तक परवडलं. पण तेवढ्या वेळात पोरानं फक्त बोलण्याच्या फुग्यांमधली वाक्यं वाचलेली असतात, चित्रं वाचायची राहूनच गेलेली असतात, आणि ती वाचायची असतात हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख, मोठ्यांसाठी आधी आणि पोरांसाठी नंतर, कारण घरात मोठ्यांना जमलं की पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आधी स्वतः वाचा, आणि सावकाश

पान उघडलं की लगेच पहिल्या फुग्याकडे धावू नका. आधी अख्ख्या पानावर नजर फिरवा, कुठली चौकट मोठी आहे, कुठे चार बारक्या चौकटी एकापाठोपाठ आल्यात, कुठे चित्र चौकटीच्या बाहेर सांडलंय. मोठी चौकट असली की चित्रकाराला तुम्ही तिथे थांबायला हवे असता, बारक्या चौकटींत तो तुम्हाला पळवत असतो. मग पहिल्या चौकटीवर या, चित्र बघा, फुगा वाचा, परत चित्र बघा. हे परत बघणं महत्त्वाचं आहे, कारण पुष्कळदा माणूस बोलतो एक आणि त्याचा चेहरा सांगतो दुसरंच, आणि खरी गोष्ट त्या फरकात असते.

दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी असते तीसुद्धा वाचायची असते. समजा पहिल्या चौकटीत मांजर ओट्यावर दुधाच्या पातेल्याशी पोचलंय आणि पुढच्या चौकटीत आजी फडकं घेऊन लादी पुसतेय. दूध सांडलेलं कुठेच काढलेलं नाही, ते तुमच्या डोक्यात सांडलं. सिनेमात हे काम बहुतेक वेळा पडदा करतो, इथे ते वाचणाऱ्याला करावं लागतं, आणि कॉमिक वाचणं म्हणजे आळशी वाचन असं ज्यांना वाटतं त्यांना ही एक पट्टी दाखवली तरी पुरतं.

सवय नसेल तर सुरुवात शब्द नसलेल्या चित्रांपासून करा. शि. द. फडणीसांची हास्यचित्रं आपल्याकडे घराघरात माहीत आहेत, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातली त्यांची चित्रं तर कित्येक पिढ्यांनी पाहिलीत. त्यांच्या चित्रात बहुधा एकही शब्द नसतो, त्यामुळे गंमत कळायला कपडे, वस्तू, कोपऱ्यातला कुत्रा, सगळं बघावंच लागतं. तीच नजर मग कॉमिकला लावायची.

एक पुस्तक मुद्दाम सांगते कारण चित्र कसं वाचायचं हे त्यात अगदी उघड दिसतं. भीमायन, २०११ साली नवयान प्रकाशनानं काढलं, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावर आहे, आणि चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची आहेत. त्यात नेहमीच्या सरळ चौकटी नाहीत, गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात तशा नक्षीच्या पट्ट्या पानभर वळत जातात आणि त्याच प्रसंग वेगळे करतात. आता फुगे बघा. साधं, मायेचं बोलणं असेल तर फुगा पक्ष्याच्या आकाराचा, बोलण्यात विष असेल तर फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातला विचार असेल तर फुग्यावर डोळा. लहानगा भीम आणि भावंडं साताऱ्याहून वडिलांकडे निघतात आणि मसूर स्टेशनवर अडकतात तो प्रसंग वाचताना शब्दांवर बोट ठेवून झाकून बघा, कोण कसं बोलतंय ते नुसत्या फुग्यावरून कळतं. मसूर आपल्या सातारा जिल्ह्यातलं, पुण्याहून कोल्हापूरच्या गाडीत बसलात तर वाटेत लागतं, आणि पोरांना हे सांगितलं की ते पान त्यांच्यासाठी एकदम जवळचं होतं.

मांगा म्हणजे जपानी कॉमिक घेतलं असेल तर ते उजवीकडून डावीकडे वाचायचं, पान पण आणि पानातल्या चौकटी पण. पहिली दहा-बारा पानं अडखळायला होतं, मग डोळ्यांना सवय होते. पोरांना बहुतेक हे आधीच माहीत असतं, त्यांच्याकडूनच शिकून घ्या, त्यांना फार बरं वाटतं.

पोरांबरोबर

शेजारी बसा, समोर नाही, दोघांना पान सरळ दिसलं पाहिजे. पुस्तक मुलाच्या मांडीवर आणि पान उलटायचा हक्क त्याचा. हे छोटं वाटतं पण यानंच सगळं बदलतं, कारण मूल एखाद्या चौकटीवर किती वेळ थांबतं हे तुम्हाला दिसतं आणि तुम्ही घाई करू शकत नाही.

आवाज वाटून घ्या. एक पात्र तू, दोन मी, आणि धडामधुडुम सगळं तुझं. आवाजाच्या शब्दांत मराठी इतकी श्रीमंत आहे की इंग्रजी कॉमिक वाचतानासुद्धा ते सगळे मराठीत करून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. माझी भाची पहिलीत असताना आम्ही एक इंग्रजी कॉमिक वाचत होतो, त्यात माणूस पाण्यात पडतो आणि तिथे इंग्रजीत एकच आवाज लिहिलेला, तर ती म्हणाली मावशी हा जाडा आहे ना, मग हा डुबुक्कन नाही पडणार, हा धबाक्कन पडेल. आणि मग तिनं मागे जाऊन प्रत्येक आवाज तपासला, बरणी फुटली ती खळ्ळकन की फट्कन, दार लागलं ते धाडकन की हळूच कर्रर्र करून. तिला वाचता येत होतं जेमतेम, पण कोण किती वजनाचा, दार लाकडी की लोखंडी, हे सगळं ती चित्रातूनच काढत होती.

इंग्रजी कॉमिक मराठीत वाचून दाखवायचं म्हणजे शब्दाला शब्द लावत बसायचं नाही. आधी चित्र बघून त्या माणसानं आपल्याकडे असता तर काय म्हटलं असतं ते म्हणायचं. मूल नंतर स्वतः इंग्रजी वाचायला लागलं की त्याला गोष्ट आधीच माहीत असते आणि अडलेला शब्द चित्रावरून लागतो.

प्रश्न विचारा पण परीक्षा घेऊ नका. तात्पर्य काय, यातून काय शिकलास, हे विचारलं की पोरं पुस्तक मिटतात. त्यापेक्षा हा आत्ता खोटं बोलतोय का रे, किंवा मागच्या पानावर हिच्या हातात पिशवी होती ती कुठे गेली, असं विचारा आणि उत्तर तुम्हालाही खरंच शोधावं लागू दे. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीवर जरा थांबा, चित्रकार बहुतेक वेळा तिथेच काहीतरी लटकत ठेवतो, पुढे काय होईल ते मुलाला सांगू द्या आणि मग पान उलटा.

तेच कॉमिक पंधराव्यांदा वाचत असेल तर वाचू द्या. शब्द पाठ झाले की मगच डोळे मागच्या भिंतीवर, गर्दीतल्या माणसांवर जायला लागतात. आणि गृहपाठ झाला तर कॉमिक मिळेल असला सौदा करू नका, त्यानं कॉमिक म्हणजे गोळी-बिस्किट आणि पुस्तक म्हणजे शिक्षा असं डोक्यात पक्कं बसतं.

आजीआजोबा म्हणतील चित्रं काय बघतोयस, काहीतरी वाच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघत होती, मराठीतसुद्धा यायची, आणि वेताळ म्हणजे फँटम, त्याची कवटीची गुहा, जादूगार मॅन्ड्रेक हे कित्येक आजोबांना नुसतं नाव काढलं तरी आठवतात. त्यांना नातवाला सांगायला लावा. चिंटू तर पुण्याचाच, १९९१ पासून सकाळमध्ये येऊ लागला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, आणि त्याचे संग्रह आजी, आई आणि मूल तिघंही एकत्र वाचू शकतात, तीन-चार चौकटींत गोष्ट संपते त्यामुळे नुकतं वाचायला लागलेल्या पोरालासुद्धा पूर्ण वाचल्याचं समाधान मिळतं.

निवडताना

चित्रं आहेत म्हणजे लहान मुलांचंच, हा सगळ्यात मोठा घोटाळा, आणि दुकानांतसुद्धा सगळं एकाच फळीवर लावलेलं दिसतं. आर्ट स्पीगलमनचं माउस घ्या, उंदीर आणि मांजरं दिसतात म्हणून कोणी दुसरीतल्या पोराला देईल, पण ती नाझींच्या छळछावण्यांत कोंडलेल्या ज्यूंची गोष्ट आहे, त्याला १९९२ मध्ये पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला, आणि ते नववी-दहावीच्या मुलाबरोबर आधी स्वतः वाचून मग बोलत बोलत वाचायचं पुस्तक आहे. मर्जान सत्रापीचं पर्सेपोलिस पण तसंच, नायिका लहान मुलगी आहे पण इराणच्या क्रांतीनंतरची अटक, छळ, युद्ध सगळं त्यात आहे. म्हणून दुकानात तीन ठिकाणी उघडून बघा, सुरुवात, मधलं आणि शेवटाजवळचं पान, कारण अवघड गोष्टी पहिल्या दहा पानांत क्वचित असतात.

जुन्या कॉमिक्सकडे प्रेमानं बघा पण डोळे उघडे ठेवून. अमर चित्र कथा १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केली, १९८० मध्ये मुलांचं टिंकल आलं, आणि सुप्पंडी, शिकारी शंभू यांच्यावर पिढ्या वाढल्या. पण जुन्या अंकांत राक्षस काळेसावळे आणि नायक गोरेपान असं बऱ्याचदा दिसतं, आणि टिनटिन या बेल्जियन कॉमिकच्या काँगोवाल्या जुन्या गोष्टीत आफ्रिकन माणसं ज्या पद्धतीनं काढलीत ती आज बघवत नाहीत. लपवायची गरज नाही, फक्त मुलाला एकटं सोडू नका त्या पानांवर. हा वाईट आहे हे तुला कशावरून कळलं, एवढं विचारलं तरी मूल स्वतःच रंगावर बोट ठेवतं आणि मग बोलता येतं.

पुण्यात कुठे मिळेल

मराठी हवं तर आप्पा बळवंत चौक, दुकानदाराला मुलाचं वय सांगण्यापेक्षा त्याला काय आवडतं ते सांगा. इंग्रजीसाठी डेक्कन, एफसी रोड. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो तिथे पोराला मोकळं सोडा, फक्त बजेट आधी ठरवून हातात द्या. रद्दीवाल्याकडे जुनी कॉमिक्स मिळतात, तिथे पिनांजवळची मधली पानं आहेत का ते आधी बघा, ती सैल होऊन पहिली पडतात आणि नेमकी गोष्टीच्या ऐन मध्यावरची असतात. सोसायटीत क्लबहाऊस असेल तर एक फळी मागून घ्या, एक ठेवा एक न्या, वही-बिही काही नको.

दुसऱ्याला सुचवताना

इथे बहुतेक लोक स्वतःच्या आवडीची दहा नावं पाठवतात आणि समोरचा एकही वाचत नाही. एकच सांगा. त्याआधी विचारा की अलीकडे कुठली सिरीज किंवा पुस्तक रात्री जागून संपवलं, आणि वाचायला वेळ कधी मिळतो, मेट्रोत की झोपताना. मेट्रोत वनाझ ते रामवाडी वाचणाऱ्याला जाड ग्राफिक नॉवेल म्हणजे चित्रांतली अख्खी कादंबरी देऊ नका, सुट्या छोट्या गोष्टींचं द्या. नर्मदा, धरणं, विस्थापन यात रस असलेल्याला ओरिजित सेनचं १९९४ चं रिव्हर ऑफ स्टोरीज द्या, तो कॉमिक वाचत नसला तरी ते वाचेल कारण विषय त्याचा आहे. विषयातून माणूस आत येतो, मग चित्रांची गोडी आपोआप लागते, उलटं फार क्वचित होतं.

आणि भारी आहे, मस्त आहे असं नका सांगू, एक पान उघडून दाखवा आणि तुम्हाला तिथे काय दिसलं ते सांगा. पुस्तक हातात द्या, आणि वाचलंस का म्हणून मेसेज करत राहू नका.

शेवटी स्वतः बनवा

पाऊस लागला, पोरं घरात, तर एक ए-फोर कागद घ्या. आधी उभा मधोमध दुमडा, मग तसाच आडवा दोनदा अर्धा अर्धा दुमडा, उघडलं की आठ चौकोन दिसतील. आता कागद आडवा धरून मधोमध दुमडा, आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या घडीवर पुढच्या घडीपर्यंतच कात्री लावा, अर्ध्यावर थांबायचं. उघडा, लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, मधली फट उघडते आणि आठ पानांचं बारकं पुस्तक तयार होतं. चित्रं काड्यांची माणसं असली तरी चालतात, फक्त मुलाला एक सांगा, आधी बोलणं लिही आणि मग त्याच्याभोवती फुगा काढ, कारण फुगा आधी काढला की शेवटचे दोन शब्द हमखास बाहेर राहतात.