आर्टिकलशिप सांभाळून सीए फायनलचा अभ्यास कसा करावा

१ जुलै २०२३ पासून सनदी लेखापालांच्या संस्थेची, म्हणजे आयसीएआयची, नवी शिक्षण व प्रशिक्षण योजना लागू झाली आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसात करायचे सक्तीचे प्रशिक्षण, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. ही बातमी ऐकून बहुतेकांना हायसे वाटले. परंतु त्याच योजनेने रजा दोन वर्षांत मिळून २४ दिवसांवर आणल्या, आणि फायनलसाठी, म्हणजे सीएच्या शेवटच्या परीक्षेसाठी, हक्काचा मोकळा काळ म्हणून आर्टिकलशिपनंतरचे सहा महिने तेवढे उरले. सहा पेपर आणि सहा महिने हा हिशेब कागदावर सरळ दिसतो, प्रत्यक्षात तो जमत नाही. कारण याच काळात अ‍ॅडव्हान्स्ड आयसीआयटीएसएसचे (संगणक आणि व्यवस्थापन कौशल्यांचे) प्रशिक्षण, किमान दोन रिव्हिजन आणि सराव पेपर हे सगळे बसवायचे असते. म्हणून फायनलचे पहिले वाचन आर्टिकलशिपच्या दोन वर्षांतच पूर्ण व्हायला हवे, आणि ते ऑफिसच्या कामाला धरून करावे, असे माझे ठाम मत आहे. दिवसभर एक काम करायचे आणि रात्री त्याच्याशी संबंध नसलेले पुस्तक उघडायचे, ही पद्धत फार दिवस टिकत नाही.

सुरुवात ऑफिस निवडण्यापासून होते. नागपुरात धंतोली, रामदासपेठ, सदर आणि सिव्हिल लाइन्स या भागांत सीएंची ऑफिसे दाटीने आहेत, आणि इतवारी-गांधीबागेतील व्यापाऱ्यांची कामे करणारी लहान ऑफिसेही भरपूर आहेत. मुलाखतीला गेल्यावर स्टायपेंड विचारावाच, पण त्यासोबत आणखी काही गोष्टी नम्रपणे विचाराव्यात: ऑफिसकडे कंपन्यांची वैधानिक ऑडिटे आहेत का, एप्रिलमध्ये बँक शाखांचे ऑडिट येते का, आणि जीएसटीचे काम केवळ रिटर्न भरण्यापुरते आहे की नोटिसांना उत्तरे देण्याचेही आहे. नुसत्या टॅलीच्या नोंदींत दोन वर्षे गेली, तर ऑडिटचा पेपर पाठांतरावर काढावा लागतो. लहान ऑफिस म्हणजे वाईट ऑफिस असे मात्र समजू नये. जिथे सर स्वतः फाइल समोर घेऊन प्रश्न विचारतात, तिथे शिकणे अधिक होते.

ऑफिस ठरले की महिन्याच्या तारखा एका कागदावर लिहून टेबलासमोर लावाव्यात. ७ तारखेपर्यंत टीडीएसचा भरणा, ११ पर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण), २० पर्यंत जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरण). याचा अर्थ असा, की ८ ते २० या दिवसांत अभ्यासाची मोठी योजना आखणे म्हणजे स्वतःवर अन्याय आहे; त्या काळात रोज तासाभराचे वाचन झाले तरी पुरे समजावे आणि २१ नंतरच्या दिवसांत भर काढावी. वर्षाचेही तसेच आहे. एप्रिलमध्ये बँक ऑडिट, जुलैमध्ये विवरणपत्रे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट, डिसेंबरअखेर जीएसटीआर-९, म्हणजे जीएसटीचे वार्षिक विवरण. पोळा, मारबत आणि गणपती नेमके टॅक्स ऑडिटच्या हंगामात येतात, त्यामुळे त्या दिवसांत घर, ऑफिस आणि पुस्तक या तिन्हींकडे पाहताना नाकी नऊ येतात. तेव्हा नवा विषय सुरू करू नये. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारी-फेब्रुवारी हे महिने त्या मानाने निवांत असतात. अवघड प्रकरणे त्यांच्यासाठी राखून ठेवावीत.

आता कामाला धरून अभ्यास म्हणजे काय, हे एका बिलावरून पाहू. गांधीबागेतील एका कापड व्यापाऱ्याने सुरतहून २,००,००० रुपयांचा माल मागवला, त्यावर ५ टक्क्यांनी १०,००० रुपये आयजीएसटी (परराज्यातील खरेदीवरील जीएसटी) लागला, आणि महिन्याच्या मॅचिंगमध्ये तो आकडा जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणाऱ्या यादीत, दिसत नाही. आर्टिकल, म्हणजे ऑफिसातला प्रशिक्षणार्थी, बहुधा एवढेच करतो, की त्या ओळीला पिवळा रंग देतो आणि पार्टीला फोन करतो. त्याने त्याच संध्याकाळी सीजीएसटी कायद्याचे कलम १६ उघडावे. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणात दाखवले नाही तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, का थांबते, हे १६(२)(एए) मध्ये सापडते. व्यापाऱ्याने १८० दिवसांत पैसे चुकते केले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, ही तरतूद त्याच पोटकलमाच्या परंतुकात आणि नियम ३७ मध्ये आहे. पुरवठादाराने उशिरा का होईना बिल दाखवले, तर व्यापाऱ्याला पुढच्या आर्थिक वर्षातील ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरण भरल्याची तारीख, यांतील आधीच्या दिवसापर्यंतच क्रेडिट घेता येते, हे १६(४) सांगते. आणि त्याच फाइलमध्ये मालकाच्या नव्या मोटारीचे बिल असेल, तर काही खरेदींवर क्रेडिट नाकारणाऱ्या १७(५) ची पाळी येते. एका बिलाने इनपुट टॅक्स क्रेडिटच्या प्रकरणाचा मोठा भाग वाचून होतो. पुढे परीक्षेत असा प्रश्न आला, की ती पिवळी ओळ डोळ्यांसमोर उभी राहते.

यासाठी एक वही ठेवावी. डाव्या पानावर त्या दिवशी केलेले काम दोन ओळींत, उजव्या पानावर त्याला लागू होणारे कलम, नियम किंवा ऑडिटिंग स्टँडर्ड आणि एका वाक्यात निष्कर्ष. वहीत पार्टीचे नाव कधीही लिहू नये. व्यवसायात मिळालेली अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे हे सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि हा मुद्दा व्यावसायिक नीतिमत्तेच्या प्रश्नांत विचारलाही जातो. ही शिस्त सनद हाती येण्याआधीच अंगी बाणली तर फार चांगले.

ऑडिटच्या पेपरला ही वही सर्वाधिक उपयोगी पडते. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत वर्षाअखेरीस मालसाठा मोजायला गेलात, तर परतताना एसए ५०१ (एसए म्हणजे ऑडिटिंग स्टँडर्ड) वाचावे. देणेकऱ्यांना शिल्लक पुष्टीची पत्रे पाठवली, तर एसए ५०५ वाचावे. सीनियरने तीनशे व्हाउचरांतून चाळीसच काढून दिली, तर हीच का, असे त्याला विचारावे. उत्तर नीट मिळो वा न मिळो, एसए ५३० (नमुना निवड) आणि एसए ३२० (कोणती रक्कम महत्त्वाची मानायची) त्या रात्री वाचून काढावेत. ज्याने वर्किंग पेपर स्वतः लावले आहेत त्याला एसए २३० पाठ करावे लागत नाही. उत्तर लिहिताना स्टँडर्डची भाषा यावी यासाठी मूळ इंग्रजी शब्द तेवढे घोटून घ्यावे लागतात.

प्रत्यक्ष करांच्या बाबतीत सध्या विशेष सावध राहावे लागते. १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे; त्यात ५३६ कलमे आहेत, आणि ‘मागील वर्ष’ व ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीच्या जागी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. ऑफिसमध्ये जुन्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात आणि कलमांचे क्रमांक दोन्हीकडे वेगळे आहेत, त्यामुळे गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. यावर उपाय असा, की आधी तत्त्व पक्के करावे. उदाहरणार्थ, सूक्ष्म व लघु उद्योगांची थकबाकी ठरलेल्या मुदतीत चुकती केली नाही तर ती वजावट प्रत्यक्ष भरण्याच्या वर्षातच मिळते, हे जुन्या ४३बी(एच) चे तत्त्व एखाद्या डाळ मिलला ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्या यादीवर स्वतः लावून पाहिले, की पुढे क्रमांक बदलला तरी घोडे अडत नाही. पुस्तक विकत घेण्यापूर्वी आपल्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, याची संस्थेने काढलेली सूचना वाचावी. वरच्या बॅचच्या ताईदादांकडून मिळालेली पुस्तके करांच्या विषयांना चालत नाहीत.

फायनान्शियल रिपोर्टिंग आणि अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट या दोन विषयांना मात्र ऑफिसचा आधार जवळजवळ मिळत नाही. इंड-एएस ही लेखा मानके सूचिबद्ध कंपन्यांना आणि २५० कोटी रुपये किंवा अधिक नक्त मूल्याच्या कंपन्यांना लागू होतात. इतवारीच्या किराणा व्यापाऱ्याच्या ताळेबंदात ते भेटणार नाहीत. डेरिव्हेटिव्ह्ज आणि परकीय चलनाची गणितेही तशीच. म्हणून ऑफिसला जाण्यापूर्वीचे दोन तास या दोन विषयांना द्यावेत, आणि ते पेन हातात धरून, उदाहरणे सोडवत द्यावेत. सोडवलेले उत्तर नुसते पाहून समजल्यासारखे वाटते, तो समज परीक्षेच्या हॉलमध्ये टिकत नाही. सकाळी गणित आणि संध्याकाळी कायदा व ऑडिट, एवढी विभागणी दोन वर्षे सांभाळली तर सहा महिन्यांच्या सुरुवातीला पाटी कोरी नसते. सेल्फ-पेस्ड मॉड्यूलचे (आपल्या गतीने ऑनलाइन शिकण्याच्या विषयांचे) चारही संचही याच दोन वर्षांत उरकावेत; ते पूर्ण झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही.

वर्धा, भंडारा, गोंदिया, यवतमाळकडून येऊन मानेवाडा किंवा नंदनवनला रूम करून राहणाऱ्या, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. परीक्षेचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी असल्याने अनेकांच्या मनात धास्ती असते. परंतु परीक्षकाला अलंकारिक इंग्रजी नको असते. तरतूद इंग्रजीतून वाचावी, रूममेटला ती मराठीतून समजावून सांगावी, आणि मग उत्तर तीन लहान परिच्छेदांत इंग्रजीत लिहावे: तरतूद, प्रश्नातील वस्तुस्थिती, निष्कर्ष. रोज असे एक उत्तर लिहून संस्थेच्या सजेस्टेड आन्सरशी ताडून पाहिले, तर काही महिन्यांत भाषा हाताशी येते. ज्याला मराठीतून समजावता येत नाही, त्याला तो मुद्दा अजून कळलेला नाही, असे खुशाल समजावे.

शेवटच्या सहा महिन्यांत स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) या संस्थेच्याच साहित्यावर भर द्यावा. नवीन नोट्स जमवत बसू नये. तीन-तीन पेपरांचे दोन्ही ग्रुप एकत्र द्यावेत का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि त्याचे उत्तर गुणांच्या नियमांत आहे. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. समजा पहिल्या ग्रुपात ५५, ४२ आणि ४९ मिळाले. एकही पेपर गेला नाही, तरी बेरीज १४६ भरते आणि १५० ला चार गुण कमी पडून ग्रुप जातो. पण त्याच वेळी दुसऱ्या ग्रुपात १६० असतील, तर एकूण ३०६ होऊन दोन्ही ग्रुप पदरात पडतात. तयारी समतोल असेल तर एकत्र देणे हिताचे ठरते. मात्र एखाद्या पेपरात ४० चीच शाश्वती नसेल, तर हा आधार कामाचा नाही. ग्रुप गेला तरी ज्या पेपरात ६० मिळतात त्याचे एक्झम्प्शन (तो पेपर पुन्हा न देण्याची सूट) पुढील तीन परीक्षांपर्यंत चालते, म्हणून आपल्या भक्कम विषयात ६० चे लक्ष्य जाणीवपूर्वक ठेवावे.

पेपर दुपारी दोनला सुरू होतो, ही बाब नागपुरात फार महत्त्वाची आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि जेवणानंतर कूलरसमोर डोळा लागण्याची सवय झालेल्या शरीराला त्याच वेळी तीन तास लिहायला लावणे सोपे नसते. म्हणून शेवटचे दोन महिने सराव पेपर दुपारी दोन ते पाच याच वेळेत, टेबल-खुर्चीवर बसून लिहावेत. धंतोलीच्या आयसीएआय भवनात शाखेतर्फे सराव परीक्षा लागली, तर घरी लिहिण्यापेक्षा तिथे जाऊन लिहावी. पंधरा मिनिटांच्या वाचनवेळेत वर्णनात्मक प्रश्नांतील कोणता सोडायचा हे ठरवावे. ३० गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नांना उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवू नये, आणि त्यांवर पन्नास मिनिटांपेक्षा अधिक वेळ घालवू नये. सहावा पेपर चार तासांचा असतो आणि तो ओपन बुक असतो. त्यासाठी पोतेभर पुस्तके नेण्याऐवजी दोन वर्षांची ती वही आणि विषयवार खुणा चिकटवलेले साहित्य न्यावे, कारण तिथे शोधण्यातच वेळ जातो.

केंद्रावर एक वाजेपर्यंत पोहोचावे, डोक्याला दुपट्टा बांधावा, पाण्याची बाटली आणि अ‍ॅडमिट कार्डाच्या दोन प्रती सोबत असाव्यात. पेपर संपल्यावर गेटवर उत्तरे ताडत उभे राहू नये. घरी येऊन जेवावे आणि दुसऱ्या पेपरची वही उघडावी.