गुलाबाचं झुडूप किती पसरणार, ते खड्डा काढण्याआधी ठरवा

काळ्या पिशवीतलं कलमी गुलाबाचं रोप जेमतेम दीड फुटाचं असतं. त्या वयात सगळे गुलाब सारखेच दिसतात, म्हणून परड्यात दोन-दोन फुटांवर खड्डे काढून चार रोपं लावली जातात. तिसऱ्या पावसाळ्यात ती एकमेकांत घुसतात, मधला वारा कोंडतो, आणि आर्द्रा नक्षत्र संपायच्या आत खालची पानं काळे ठिपके पडून गळून जातात. मग दोष औषधाला दिला जातो. खरी चूक अंतराची असते, आणि अंतर ठरतं झुडपाच्या रुंदीवर. उंची बघून अंतर ठरवू नका.

लेबलवर छापलेली मापं बहुतेक थंड देशांतली असतात. तिथं झुडूप हिवाळ्यात तीन-चार महिने झोपतं. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, हवा गार आहे, पण गुलाब झोपावा एवढी थंडी इथं पडत नाही. झाड बारा महिने वाढतं आणि छापील मापाच्या पुढं जातं. 1983 साली आलेला पिवळा ग्रॅहम थॉमस हे याचं चांगलं उदाहरण: इंग्लंडमध्ये तो चार-पाच फुटांचं झुडूप असतो, उबदार हवेत आठ-दहा फुटांच्या लांब फांद्या टाकतो. म्हणून लेबलावरच्या मापात निदान एक-दीड फूट वाढवून धरा.

झुडपाची ठेवण ओळखायची तर फुलाकडं बघू नका. बुंध्यातून निघालेली जाड, नवी, तांबूस फांदी शोधा आणि ती कुठं चाललीय ते बघा.

फांदी सरळ वर गेली तर झुडूप उभ्या वाढीचं. 1954 मधला गुलाबी क्वीन एलिझाबेथ हा त्यातला नमुना. सहा फूट सहज जातो, रुंदी मात्र अडीच-तीन फूटच. कंपाऊंडच्या कडेला तीन फुटांवर ओळीत लावायला हाच बरा. याची खोड एकच: हलकी छाटणी केली की फुलं डोक्याच्या वर आणि खाली नुसत्या काटक्या. याला दरवर्षी दोन-अडीच फुटांवर आणायलाच हवं.

फांद्या चहूकडं सारख्या सुटल्या तर झुडूप डेरेदार. पांढरा आइसबर्ग (1958) आणि बरेचसे फ्लोरिबंडा, म्हणजे झुपक्यानं फुलं येणारे गुलाब, असेच. चार फूट उंच, साडेतीन-चार फूट रुंद. दोन झाडांत चार फूट, भिंतीपासून अडीच फूट. 2000 साली बाजारात आलेला नॉक आउटही याच ठेवणीचा. काळ्या ठिपक्याला तो बराच दाद देत नाही, त्यामुळं खानापूरसारख्या दमट भागात मिळाला तर जरूर लावावा.

फांदी दोन-तीन फूट वर जाऊन जमिनीकडं झुकली तर झुडूप कमानी वाढीचं. हारासाठी लावतात तो गडद लाल, सुवासिक ग्रुस आन टेप्लिट्झ याच जातीतला. उंची सहा फूट, आणि रुंदीही तेवढीच. याला सहा फूट जागा द्या. गल्लीच्या कडेला लावू नका, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना काटे लागतात.

चौथी ठेवण पसरट. द फेअरी दोन-अडीच फूट उंच, पण चार फूट रुंद. पायऱ्यांच्या बाजूला, उताराच्या बांधावर शोभतो.

जागा ठरवताना एक साधी गोष्ट करा. खड्ड्याच्या जागी खुंटी ठोका, झुडपाच्या अंदाजी रुंदीच्या निम्म्या लांबीची सुतळी तिला बांधा आणि फिरवून जमिनीवर राखेनं गोल काढा. दोन गोल एकमेकांना शिवता कामा नयेत, मध्ये हात घालून तण काढता येईल एवढी फट राहू द्या. वर सांगितलेल्या अंतरांत ही फट धरलेली नाही, ती वेगळी मिळवा. बेळगाव-खानापूर पट्ट्यात ही फट एक फूट ठेवा. काळ्या ठिपक्याची बुरशी रुजायला पान सात तास तरी ओलं राहावं लागतं, म्हणजे पान लवकर सुकवणारा वारा आणि सकाळचं ऊन हेच पहिलं औषध. त्यासाठी घराच्या पूर्वेची बाजू निवडा. गोकाक, अथणीकडं पाऊस कमी, तिथं अर्ध्या फुटाची फटही चालते.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. तांबड्या मातीत एक बुट्टी कुजलेलं शेणखत, 200 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 100 ग्रॅम हाडांचा चुरा मिसळा. काळ्या रानात खड्ड्यात पाणी तुंबून मुळं कुजतात, म्हणून तिथं एक फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. चुनखडी जास्त असलेल्या जमिनीत पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ही लोहाची कमतरता, आणि अशा जागी कुठलंही झुडूप आपल्या पूर्ण मापाला पोचत नाही. डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलमाचा जोड, मातीच्या दोन इंच वर ठेवा. लावणीला पाऊस ओसरल्यावरचे सप्टेंबर-ऑक्टोबर महिने उत्तम.

पुष्कळ झुडपं भलतीच रुंद होतात ती खुंटाच्या, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम केलंय त्याच्या, फुटव्यांमुळं. कलमी रोपाच्या गाठीखालून, कधी वीतभर अंतरावरून, एक फिकट हिरवी सोटासारखी फांदी येते. महिन्याभरात ती सगळ्यांच्या वर जाते, पण तिला आपल्या जातीचं फूल येत नाही. पर्णिकांची (एका पानातल्या छोट्या पानांची) संख्या मोजून निर्णय घेऊ नका, त्यात फसगत होते. माती बाजूला सारा, फांदी कुठून निघालीय ते बोटानं चाचपा. गाठीखालून असेल तर मुळाशी धरून ओढून उपटा. कात्रीनं कापलात तर तिथंच चार फुटवे येतात. गाठीच्या वरून आलेला जाड फुटवा मात्र जपायचा, पुढचं झाड त्याच्यावरच उभं राहतं. गुलकंदाचा गावठी गुलाब फांदी खोचून केलेला असेल तर त्याला गाठच नसते. त्याचे सगळे फुटवे खरे, फक्त गोलाबाहेरचे काढा.

मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फुलं येतात. डेरेदार झुडूप एक तृतीयांश कमी करा, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या अंकुराच्या) पाव इंच वर तिरका काप द्या. पसरट जातीत उलट, वर तोंड केलेला डोळा निवडा. वाळलेली फांदी आतला गर पांढरा-हिरवा दिसेपर्यंत खाली कापा. तपकिरी गर राहिला तर मर खाली उतरत जाते. मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

कमानी झुडपावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. लांब फांदी दिसली की लोक शेंडा मारतात, झाड रागानं त्याहून लांब फांदी टाकतं, फूल शेंड्याला एखादं. पहिली दोन वर्षं वाळकं सोडून काहीच कापू नका. पुढं दरवर्षी सगळ्यात जुन्या एक-दोन फांद्या बुंध्यातून काढा. उरलेली लांब फांदी दोन्ही हातांनी हळूहळू वाकवून आडवी करा आणि सुतळीनं खुंटीला बांधा. कोवळी फांदी वाकते, जून झालेली मोडते, म्हणून फांदी बोटाएवढी जाड होण्याआधीच हे काम उरका. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो; आडवी झाली की शेंड्याचं हे वर्चस्व संपतं आणि तिच्या प्रत्येक डोळ्यातून फुटवा येतो, फुटव्याच्या टोकाला फूल. ज्या फांदीला एक फूल यायचं तिला आठ-दहा येतात.

छाटणीनंतर झाडाला अर्धी बुट्टी शेणखत पुरे. युरिया मूठभर टाकला की लांब, लुसलुशीत फांद्या सुटतात, त्यांच्यावर थंडीत भुरी आणि मावा आधी बसतो. सहा तास ऊन मिळत नसेल तरी असंच लांबट वाढतं, तेव्हा खत वाढवू नका, झाडाची जागा बदला.