कीर्तनाचं रेकॉर्डिंग सांध्यावर तुटू नये म्हणून प्रीमियरचा मीडिया ब्राउझर

सप्ताहातलं कीर्तन दोन तास चालतं. आपण कॅमेरा एकदाच चालू करतो, पण कार्डावर एकच फाइल तयार होत नाही. फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि एव्हीसीएचडी या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करणारे कॅमेरे तर काही वेळा 2 जीबीलाच फाइल बंद करून पुढची उघडतात. म्हणून कार्डात 00000.एमटीएस, 00001.एमटीएस अशी रांग दिसते.

बरेच जण ‘स्ट्रीम’ फोल्डरमधून हे तुकडे उचलून थेट प्रीमियर प्रो या अडोबीच्या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर ओढतात. चित्र बघून काही कळत नाही. पण सांध्यावर काही फ्रेमचा आवाज गळू शकतो. भाषण असेल तर खपून जातं, गजर रंगात आला असेल तर नाही. मृदंगाची थाप अर्धी कापली जाते, टाळ लयीतून निसटतो आणि ऐकणारा दचकतो. बुवांनी तासभर चढवत आणलेला रंग आपल्या हातून उतरू नये, एवढं तरी आपण सांभाळलंच पाहिजे.

तुकडे कसे जोडायचे ही माहिती कार्डातच असते, पण ती एमटीएस फाइलींत नसून शेजारच्या ‘क्लिपइन्फ’ आणि ‘प्लेलिस्ट’ फोल्डरांत असते. प्रीमियरचा मीडिया ब्राउझर ती वाचून तुकडे एकसलग क्लिप म्हणून आणतो. म्हणून हे सगळे फोल्डर ज्यात असतात तो कार्डातला ‘प्रायव्हेट’ फोल्डर आहे तसाच, सगळाच्या सगळा हार्ड डिस्कवर कॉपी करा. दर रात्रीचा फोल्डर वेगळा ठेवा: ‘दिवस 1’, ‘दिवस 2’. कार्ड फॉरमॅट केल्यावर बऱ्याच कॅमेऱ्यांत आकडे पुन्हा 00000 पासून सुरू होतात, त्यामुळे सगळं एकत्र टाकलं तर सोमवारचं कीर्तन मंगळवारच्या फाइलींखाली जाईल. नाव द्यायचं ते बाहेरच्या फोल्डरला द्या, आतल्या फाइलींच्या नावांना हात लावू नका.

आता प्रीमियर प्रो उघडा. विंडो मेनूतून मीडिया ब्राउझर घ्या किंवा शिफ्ट आणि 8 दाबा. डावीकडच्या यादीत ‘दिवस 1’ शोधा, त्यावर राइट क्लिक करून फेव्हरिट्समध्ये टाका, म्हणजे आठवडाभर शोधाशोध नको. फोल्डरवर क्लिक केलं की उजवीकडे कच्च्या फाइलींऐवजी क्लिप दिसायला हव्यात. तसं झालं नाही तर डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून एव्हीसीएचडी निवडा. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे तरीही वेगवेगळे दिसले तर त्यांतला एकच घ्या, बाकीचे त्याच्याबरोबर येतात. सगळे निवडलेत तर अख्खं कीर्तन तितक्या वेळा प्रोजेक्टमध्ये येऊन बसेल.

इम्पोर्ट करण्याआधी तिथेच ऐकून घ्या. थंबनेलवरून माउस आडवा फिरवला की चित्र पुढेमागे सरकतं. डबल क्लिक केलं की क्लिप सोर्स मॉनिटरमध्ये उघडते आणि आवाजासकट चालते. मंडप रिकामा असतानाची माइक टेस्ट, चुकून दाबलेलं बटण, असल्या क्लिपा इथेच गाळा. हवी ती क्लिप मिळाली की राइट क्लिक करून इम्पोर्ट करा.

मीडिया ब्राउझरच्या वरच्या बाजूला इन्जेस्टचा (क्लिप आणतानाच प्रती करून देणाऱ्या सोयीचा) चौकोन असतो, त्यात खूण आहे का तेही पाहा. लॅपटॉप जुना असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘क्रिएट प्रॉक्सीज’ निवडा. हलक्या प्रती मागे तयार होत राहतात आणि एडिटिंग अडकत नाही. लॅपटॉप दमदार असेल तर खूण काढून टाका.

प्रोजेक्टमध्ये आलेल्या क्लिपची लांबी बघा. दोन तासांच्या आसपास हवी. मग एखादा गजर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेडफोन लावून ऐका. क्लिपला बुवांचं आणि अभंगाचं नाव आता खुशाल द्या, डिस्कवरच्या फाइलीला त्यानं धक्का लागत नाही. हे सगळं झाल्यावर, आणि दुसऱ्या डिस्कवर एक प्रत गेल्यावरच, संध्याकाळच्या कीर्तनासाठी कार्ड रिकामं करा. फॉरमॅट कॅमेऱ्यातूनच करा, म्हणजे फोल्डरांची मांडणी त्याला हवी तशी तयार होते.